आंब्याच्या डहाळीची चौकशी

"माझं नाव लिहा! आत्ताच्या आत्ता लिहा! पानं मी मागितली होती, यांनी नाही!"

सुलभावहिनी काउंटरवर तळहात आपटत होत्या. रॅफल्स प्लेसला बँकांच्या उंच इमारतींच्या पाठीमागे, सातव्या मजल्यावर आमचं ऑफिस. तिथे एअरकंडिशनरसुद्धा माफी मागितल्यासारखा हळू चालायचा. त्या शांततेत अस्सल सातारी आवाज घुमत होता. आमच्या मॅडमनी भरभराटीसाठी पाळलेला लाल मासा घाबरून टाकीतल्या दगडामागे गेला, तो तिसऱ्या दिवशी बाहेर आला. माझी बायको म्हणते, यांचं सगळं बोलणं चाराने भागून घ्यावं. भागा. तरी पाऊण दिवस उरतोच.

"अहो चौकशीवाले!" वहिनी म्हणाल्या. आठवड्यापूर्वीपर्यंत मी त्यांचा 'राजाभाऊजी' होतो. "माझ्या नवऱ्याला चोर लिहिलंत ना? मग चोरीचा माल कुणी मागवला तेही लिहा की! सुलभा दत्तात्रय निकम. स्पेलिंग सांगू?"

रिसेप्शनवरची आयलीन घाबरून मला म्हणाली, "व्हॉट शी वॉन्ट, अंकल?"

"रिपोर्टची प्रत हवीय म्हणते," मी इंग्रजीत सांगितलं. आयुष्यात मी हजारो थापा मारल्या. इतकी भिकार थाप दुसरी नाही.

वहिनींच्या मागे त्यांचे यजमान, दत्तात्रय निकम उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात बायकोची छत्री. ते माशाकडे बघत होते. मासा नव्हता, तरी बघत होते.

या अंकाच्या संपादकबाईंनी मला सांगितलं होतं, "काका, तुमच्या सिंगापूरच्या नोकरीतल्या गमती लिहा. मंडळात सांगता तशा, हसून पोट दुखेल अशा." मी लिहायला बसलो आणि पहिल्यांदा हीच गंमत वर आली. तेव्हा आता हिच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

आधी धंदा सांगतो. एखाद्या कंपनीला माणूस नोकरीवर घ्यायचा असला की ती त्याचं नाव आमच्याकडे पाठवायची. डिग्री खरी आहे का, आधीच्या नोकऱ्या खऱ्या आहेत का, दिवाळं वाजलेलं नाही ना, कोर्टाने कधी दोषी ठरवलेलं नाही ना, एवढं तपासून आम्ही रिपोर्ट द्यायचा. दोन हजार साल उलटल्यावर पुण्या-मुंबईचे इंजिनिअर सिंगापुरात इतके उतरायला लागले, की चांगी विमानतळावर एक वेगळा पट्टा नुसता लोणच्याच्या बरण्यांसाठी ठेवावा लागला असता. त्यांच्या डिग्र्या तपासायला मराठी-हिंदी बोलणारा माणूस पाहिजे, म्हणून मी. तिथल्या मराठी मंडळातली पोरं मला गुप्तहेर समजायची. मीही नाही म्हणायचो नाही.

खरं तर मी दिवसभर फोन करायचो. विद्यापीठातल्या क्लार्कला फोन लावावा, तर "रजिस्टर जाधवसाहेबांच्या कपाटात आहे, जाधवसाहेब लग्नाला गेलेत." कुणाचं लग्न? जाधवसाहेबांचंच. असल्या क्लार्कला आधी गावाचं नाव विचारायचं, मग तिथल्या पावसाचं, मग मुलांच्या परीक्षांचं. वीस मिनिटांनी तो स्वतःहून कपाट उघडायचा. चावी सापडायची म्हणजे सापडायचीच. माणसाला बोलतं करणं हा माझा हातखंडा. मी एका उमेदवाराच्या 'मॅनेजिंग डायरेक्टर'ला संदर्भासाठी फोन केला होता. साहेब भारदस्त इंग्रजीत उमेदवाराचे गुण गात होते. तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी झाली. मी मोजली. दुसरी झाली. तिसरीला बाईचा आवाज आला, "अहो, गॅस बंद करा, तुमच्या भाच्याची नोकरी नंतर लावा!" मी म्हटलं, "सर, डाळ असेल तर आणखी एक होऊ द्या." मामा रडकुंडीला आले.

आमच्या मॅडम तान बुटक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि लाल पेनाच्या एका रेघेत माणसाचं गर्वहरण करणाऱ्या. त्यांचा नियम एकच होता: फॉर्मने जेवढं विचारलंय तेवढंच. एकदा गोदामातल्या नोकरीसाठी एका चिनी आजोबांचा फॉर्म आला. 'कोर्टाने कधी दोषी ठरवलं आहे का?' या प्रश्नापुढे त्यांनी पानभर लिहिलं होतं. चौथीत मास्तरांनी छडी मारली इथपासून, सासूशी भांडताना पोलीस आले आणि ताकीद देऊन गेले इथपर्यंत. मी हसत हसत सगळं टाइप केलं. मॅडमनी सगळ्यावर रेघ मारली.

"शाळा म्हणजे कोर्ट?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम."

"पोलिसांची ताकीद म्हणजे कोर्ट?"

"नाही."

"देन?" आणि पेनाचं टोपण लावलं.

ही ताकीद म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तिकडे लहानसहान गुन्ह्यात, पहिलीच वेळ असली, की पोलीस कधी कधी माणसाला कोर्टात नेत नाहीत. चौकीवर बोलावतात, एक कागद वाचून दाखवतात, पुन्हा असं केलंस तर खैर नाही म्हणतात, सही घेतात, सोडून देतात. खटला नाही, शिक्षा नाही, दोषी ठरणं नाही. पोलिसांच्या दप्तरात ते राहत असेल, पण आमच्यासारख्या खाजगी लोकांना ते दप्तर कोण दाखवणार? आम्ही कोर्टाचे निकाल बघायचो. तिथे ताकीद नसतेच. काही सरकारी नाहीतर सुरक्षेच्या नोकऱ्यांचे फॉर्म खोदून विचारतात, तिथे सांगावं लागतं. पण साध्या कंपनीचा फॉर्म फक्त कोर्टाचं विचारायचा. ताकीद मिळालेल्या माणसाने तिथे 'नाही' लिहिलं, तर ते शंभर टक्के खरं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

आता निकम. दत्तात्रय निकम साताऱ्याकडचे, जहाजांच्या मालाचा हिशोब ठेवणारी कॉम्प्युटरची कामं करणारे. मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी हजर आणि आरतीला सगळ्यांच्या मागे. वर्षभरात जितकं बोलायचे तितकं मी लिफ्टमध्ये बोलतो. त्यांची कंपनी सिंगापूरचं ऑफिस बंद करणार होती. तिकडे आपल्या लोकांचा राहण्याचा पास नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की पास गेला, आणि महिन्याभराची मुदत मिळते, तेवढ्यात बोजाबिस्तरा गुंडाळायचा. मुलगी पूर्वा पहिलीत होती, तिथल्याच शाळेत रमलेली. निकमांना हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीने पसंत केलं होतं. पत्र तयार होतं. फक्त आमचा रिपोर्ट जायचा होता.

फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हाच मी मॅडमना सांगायला हवं होतं, हा माझ्या ओळखीचा आहे, दुसऱ्या कुणाला द्या. पण मला वाटलं, दुसरा पंधरा दिवस घालवेल, मी चार दिवसांत उडवतो. आपला माणूस आहे.

एका वर्षाची मार्कशीट राहिली होती. ती फॅक्सने मागवता आली असती. मी शनिवारी सकाळी हौगांगला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. गेलो ते पिठल्याच्या वासाने, मार्कशीट हे निमित्त. वहिनींनी ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या होत्या. तिसऱ्या भाकरीला मी म्हटलं, "वहिनी, दाराला हे प्लॅस्टिकचं तोरण काय लावलंय? साताऱ्याची माणसं तुम्ही!"

वहिनी उठून आत गेल्या. निकमांनी पाण्याचा पेला सरकवला.

"त्याची एक गोष्ट आहे, राजाभाऊ," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केलेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीचा पाडवा. आदल्या दिवशी लिटल इंडियातून आणलेली आंब्याची पानं सकाळपर्यंत कोमेजली. वहिनी म्हणाल्या, गुढीला असली पानं लावायची? जरा बघा की बाहेर. निकम निघाले. घरापासून दहा मिनिटांवर जुनी बैठी घरं आहेत, त्यातल्या एका अंगणात आंब्याचं झाड. फाटक उघडं. साताऱ्यात शेजारच्या अंगणातली डहाळी घ्यायला कुणी विचारतं का? निकमांनी हाक मारली, कुणी ओ दिली नाही. आत जाऊन एक फांदी वाकवली, ती कडकन मोडली, आणि तिच्याबरोबर पाखरांपासून वाचवायला वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाच कच्चे आंबे खाली आले. घरमालक चिनी आजोबा होते. महिनाभर कुणीतरी त्यांचे आंबे चोरत होतं आणि ते पडद्यामागे दबा धरून बसले होते.

"पोलीस येईपर्यंत मी तिथेच उभा होतो," निकम म्हणाले. "हातात डहाळी. पळावं असं सुचलंच नाही."

"आणि आंबे?"

"पुसून ओळीने पायरीवर ठेवले."

मी इतका हसलो की पिठलं नाकात गेलं. हसत हसत विचारलं, मग पुढे? काही आठवड्यांनी त्यांना चौकीवर बोलावलं, कागद वाचून दाखवला, ताकीद दिली, सोडलं. त्या पाडव्याला गुढी उभी राहिलीच नाही. नंतर वहिनींनी प्लॅस्टिकचं तोरण आणलं आणि ते कधी उतरवलं नाही.

"फॉर्मवर 'नाही' लिहिलंय मी," निकम हळूच म्हणाले. "ते बरोबर आहे ना?"

"शंभर टक्के!" मी म्हणालो. "कोर्टाचं विचारलंय, कोर्टच नाही तर हो कसलं? बिनघोर राहा." आणि वर ताक मागून घेतलं.

सोमवारी मॅडमनी फाइल हातात घेतली. चष्म्यावरून बघितलं.

"सेम होमटाउन, आह?"

"सेम स्टेट, मॅडम."

"यू नो हिम?"

"मंडळात बघितलंय."

"चेक प्रॉपर्ली, हं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. बस. प्रत्येक फाइलला म्हणायच्या तेवढंच म्हणाल्या. पण महिन्यापूर्वी आमच्यातल्याच एकाला मित्राची खोटी नोकरी खरी दाखवल्याबद्दल काढलं होतं.  मला शनिवारची भाकरी आठवली. उद्या कळलं की मी उमेदवाराच्या घरी जेवून आलो, तर? आपल्या माणसाला सांभाळलं म्हणतील. म्हणून मी ठरवलं की इतकं चोख काम करायचं, इतकं निःपक्षपाती, की खुद्द धर्मराजाने येऊन शिकवणी लावावी.

रिपोर्टच्या शेवटी 'इतर शेरा' असा एक रकाना असायचा. सगळे तो मोकळा सोडायचे. मी त्यात एक ओळ टाइप केली. इंग्रजीत. मराठीत ती अशी होते: 'चोरीबद्दल पोलिसांची ताकीद मिळाल्याचे उमेदवाराने सांगितले.'

आयुष्यभर मी राईचा पर्वत केला. कुत्रं भुंकलं तर वाघ सांगितला. वाघ दिसला असता तर काय सांगितलं असतं देव जाणे. त्या एका दिवशी मी काही वाढवलं नाही, काही रंगवलं नाही. पाडवा नाही, डहाळी नाही, पायरीवर ओळीने ठेवलेले आंबे नाहीत. कोरडी, खरी, एक ओळ. मला तिचा अभिमानसुद्धा वाटला. मॅडमना त्या दिवशी अकरा रिपोर्टांवर सही करायची होती. पहिलं पान बघून त्यांनी सही केली.

चौथ्या दिवशी हार्बरफ्रंटच्या कंपनीने निकमांना कळवलं की ती जागा आता त्यांना देता येत नाही. निकमांनी कारण विचारलंही नसतं. वहिनींनी फोन हातातून घेतला आणि तिथल्या मुलीला इतकं भंडावलं, की ती बिचारी बोलून गेली: रिपोर्टमध्ये चोरीचं काहीतरी आहे.

चोरीचं. घरातल्या तिघांशिवाय ते फक्त मला माहीत होतं.

मग वहिनी एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडून रॅफल्स प्लेसला आल्या. त्यांचं ते काउंटरवरचं ओरडणं मी वर सांगितलंच. पण एक सांगायचं राहिलं. "माझं नाव लिहा" हे त्या मला म्हणत होत्या, पण रडत होत्या ते मागे नवऱ्याकडे बघून. पानं त्यांनी मागितली होती. दोन वर्षं ते त्यांनी प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलं होतं. मी ते काढून काउंटरवर ठेवलं.

ती दोघं गेल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण रडणं कळत होतं. मी सगळं सांगितलं, भाकरीसकट. त्यांनी रिपोर्टची प्रत काढली, शेवटचं पान उघडलं आणि त्या ओळीखाली लाल पेन टेकवलं.

"फॉर्मने विचारलं?"

"नाही."

"देन यू राइट फॉर व्हॉट?"

 याची उत्तरं माझ्याकडे डझनभर आहेत. मंडळात विचाराल तर एकेक असं रंगवून सांगेन की तुम्ही मलाच हार घालाल. पण मॅडम मंडळातल्या नव्हत्या.

मॅडम म्हणाल्या, दुरुस्तीचं पत्र लिही. मी तीन पानं लिहिली. ताकीद म्हणजे दोषी ठरणं नव्हे, आमच्या शेऱ्यातली ती ओळ तिथे असायला नको होती, हे आधी लिहिलं. मग पाडवा काय असतो, गुढी काय असते, आंब्याच्या पानाशिवाय आमचा कुठलाच सण का उभा राहत नाही, सगळं लिहिलं. माझ्या जन्मातलं सगळ्यात चांगलं लिखाण ते असेल. मॅडमनी वाचलं. आंबे पायरीवर ठेवले तिथे चष्मा काढून पुसला. एकही रेघ न मारता सही केली आणि आयलीनला घेऊन हाताने पत्र पोचतं केलं. हार्बरफ्रंटहून दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आलं. खुलाशाबद्दल आभार. सदर जागा भरली आहे.

मी निकमांसाठी आणखी पाच-सहा ठिकाणी शब्द टाकला. दोघांनी मुलाखतीला बोलावलं. पण महिना म्हणजे महिना. तो रबर नव्हे, मी ताणला म्हणून ताणला जायला.

निघायच्या दोन दिवस आधी मी हौगांगला गेलो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. जिना चढताना मी तीनदा मागे फिरलो. हे चाराने भागू नका. दार उघडंच होतं. खोकी भरलेली, भिंतींवर कॅलेंडरच्या जागी चौकोनी खुणा. पूर्वा एका खोक्यावर बसून पाय हलवत होती.

"अंकल, वुई गोइंग इंडिया ऑलरेडी, ला," ती म्हणाली. "माय टीचर क्राय."

वहिनींनी मला बघितलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला. भांडी तर सगळी खोक्यात होती. कसला आवाज करत होत्या कोण जाणे.

निकम स्टुलावर चढून दाराचं प्लॅस्टिकचं तोरण काढत होते. एकेक खिळा सोडवून, नीट. मी खाली उभा राहिलो आणि बोलायला लागलो. मॅडमना भ्यालो, हे सांगितलं. आपला म्हणून पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून लिहिलं, हे सांगितलं. खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, हेही सांगितलं. हे सांगायला नको होतं, पण तोंड माझंच ना. नुसतीच ओळ लिहिली, पानांची गोष्ट लिहायला हवी होती, गोष्ट लिहिली असती तर त्या कंपनीचा साहेब हसला असता आणि नोकरी मिळाली असती. मी दहा मिनिटं बोललो. क्लार्कला बोलतं करायला वीस लागायची. मी वाट बघत होतो, की हा माणूस आता शिवी देईल, निदान एक देईल.

निकम खाली उतरले. तोरणाची घडी केली, खोक्यात ठेवली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.

"राजाभाऊ," ते म्हणाले, "मी ते तुम्हाला सांगितलं होतं, ऑफिसला नाही."